ताट धरणाऱ्याचा हात

दि. ७ डिसेंबर, रविवार

चि. स्वरूप यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. भात निघालं. धरणाचं पाणी अजून काठाला आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. माझं पत्र बघून तू दोन्ही बाजूंनी उलटून पाहशील, हे मला इथं बसून दिसतंय. पूजेची पाळी सोडून तू पुण्याला गेलास, त्यानंतर आपण बोललो ते आईच्या दहाव्याला, तेही कुठली भांडी कुणी न्यायची याबद्दल.

फोन करावा, तर आपल्या गावात रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, आणि तिथं बोललेलं सगळ्या गावाचं होतं. म्हणून कागद घेतला. मला एक प्रश्न पडलाय आणि तो विचारावा असं इथं कुणी नाही. प्रश्न पडला की मला जेवण जात नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तेव्हा सुटका नाही, वाच.

ग्रामपंचायतीची निवडणूक लागलीय. या वेळी बिनविरोध करायची आणि धनाजीला सरपंच करायचं ठरलं. तुझ्या वर्गातला धनाजी. आता त्याचे दोन टेम्पो आहेत. माणूस वाईट नाही, खरं सांगतो. कुणाच्या छातीत दुखलं तर भाडं न घेता भोरला पोचवतो. त्याच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयारही नव्हतं. तरी कुणीतरी काढलं, तोंडच्या बोलण्याचा काय भरवसा, भैरोबापुढं बेलभंडारा उचलून शपथ घेऊ. धनाजीशिवाय कुणी फॉर्म भरायचा नाही. आणि देवळात बसल्या बसल्या त्याला एक शेपूट जोडलं गेलं, की पुढची पाच वर्षं त्याच्याविरुद्ध गावात किंवा गावाबाहेर अवाक्षर काढायचं नाही.

हे शेपूट कुणी जोडलं ते मी आठवडाभर विचारत फिरलो. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो. धनाजीला विचारलं तर तो म्हणाला, "म्या न्हाई बा, मला वाटलं तुमीच." मला हसू आलं आणि मग जरा भीतीही वाटली. कुणीच न केलेली गोष्ट सगळ्या गावानं मान्य कशी केली?

घरटी एक माणूस बोलावलं होतं. ताट अर्थात माझ्या हातात. पानं, पानांवर भंडारा, तू हे सगळं पाहिलेलं आहेस. एकेक जण पुढं यायचा, ओंजळीत घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि परत ठेवायचा. मी तोंडं बघत नव्हतो, हातच बघत होतो. कोंडिबानं आधी दोन्ही हात धोतराला पुसले. गिरणीवाल्या गेनबानं चटका बसल्यासारखा उचलला नि ठेवला. आणि ठकूकाकूंचा हात आलाच नाही.

वरच्या आळीच्या ठकूकाकू तुला आठवत असतील. काका गेल्यापासून घर त्याच बघतात, मुलगा चाकणला कंपनीत आहे. भैरोबाचं त्यांच्याइतकं गावात कुणी करत नाही. मी दार उघडायच्या आधी त्या बेल घेऊन पायरीवर हजर असतात. म्हणून मला वाटलं, पदर कुठं अडकला असेल. मी ताट आणखी पुढं केलं.

"काकू, उचला की," धनाजी म्हणाला.

"म्या न्हाई उचलनार."

"का? माझ्यात काय खोट हाय?"

"तुझ्यात कायबी न्हाई. मत मागितलं आसतंस तर तुलाच दिलं आसतं. पर उद्या नळाला पानी न्हाई आलं तर तुला बोलायचं न्हाई, आन बोलले तर देव कोपंल, आसं व्हय? माझा देव तुझी राखन कराया न्हाई बसला हितं."

कुणीतरी ओरडलं, "गावापरीस शानी झालीस का गं?"

"मत माझं हाय. देव बी माझाच हाय. दोनी एका ताटात कालवू नका," काकू म्हणाल्या, चपला घातल्या आणि गेल्या. मागे जो गोंधळ उठला तो काय सांगू. ताट धरून मी उभाच. बाकी सगळ्यांनी उचललं.

आता गावानं त्यांना वाळीत टाकलेलं नाही बरं का! तसं करणं गुन्हा आहे, असं ग्रामसेवकानं कानात सांगितलं, तेव्हापासून सगळे फार सांभाळून आहेत. कुणी काही करत नाही. फक्त काकू दळण घेऊन आल्या की गेनबाच्या गिरणीची लाईट जाते. फक्त त्यांच्या मळणीच्या सावडीला कुणाला वेळ झाला नाही. यंदा काकू सगळ्यांच्या खळ्यावर राबल्या, आणि त्यांच्या खळ्यावर भाताच्या पेंढ्या त्या एकट्या झोडतायत. रात्री रानडुकरं येतात, म्हणून तिथंच निजतात. मला फक्त एवढंच सांगितलंय की त्यांचा बेल देवाला वाहायचा नाही. तो मी कुणाचं लक्ष नसताना वाहतो. हे फक्त तुला.

उद्या संध्याकाळी परत बैठक आहे. काकूंनी यायचं, चुकले म्हणायचं आणि उचलायचं. नाहीतर देवळाचं दार त्यांना बंद.

आता माझा प्रश्न. तू देव मानत नाहीस. ज्याच्यावर विश्वास नाही त्याला हात जोडणं म्हणजे खोटं बोलणं, असं म्हणून तू घर सोडलंस. काकू देवावाचून पाणी पीत नाहीत. मग तुम्ही दोघं बोलता ते मला एकसारखं का ऐकू येतं? शाळेच्या भिंतीवर संविधानातली ती पाटी रंगवलीय ना, तीत विचाराचं आणि उपासनेचं स्वातंत्र्य एकाच ओळीत बसवलंय. रोज तिच्यावरून जातो. हे दोघं शेजारी कसे, असं कधी मनात आलं नव्हतं. आता जाता-येता थांबतो. पोरांना वाटतं गुरवकाकांना चष्मा लागला.

तू निघालास तेव्हा मी म्हणालो होतो, गावाला काय तोंड दाखवू. परवा लक्षात आलं, तू देवाबद्दल बोलत होतास आणि मी गावाबद्दल. देवाबद्दल तुला मी एक अक्षरही विचारलं नाही. आता विचारतो. हात जोडायचे नाहीत, हे तुला पहिल्यांदा कळलं कसं? आधी डोक्याला कळतं की आधी हातालाच?

तुझी वहिनी दिवा मालव म्हणतेय. उरलेलं उद्या.

सोमवार सकाळ

काल एक गोष्ट लिहायची टाळली. टाळली म्हणजे खोटीच लिहिली. बाकी सगळ्यांनी उचललं, हे खरं नाही.

रीत तुला माहीत आहे. सगळ्यांचं झालं की शेवटी ताट धरणाऱ्यानं उचलायचं. काकू गेल्या, गोंधळ झाला, मग कुणीतरी म्हणालं, चला, झालं. ताट मी चौथऱ्यावर टेकवलं. माझी पाळी होती. हात पुढं न्यायला हवा होता. तो गेला नाही. मी काही ठरवलं नव्हतं, शपथेवर सांगतो. नुसता बघत राहिलो हाताकडे, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. आणि सगळं गाव काकूंच्या नावानं बोंबलत होतं, त्यामुळं माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

म्हणजे गावात न उचलणारे दोघं आहेत. सगळं भोगतेय एकटी.

तुझ्या वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "कुणाला कळलं न्हाई ना? मग गप ऱ्हावा." ती चुकीचं बोलत नाही. सुगीला घराघरातून भात येतं ते पुजारी म्हणून येतं. पूजा काढून चुलत्याच्या घरात द्यायला गावाला एक बैठक पुरे. धाकटीची बारावी आहे. हे सगळं मी मोजलं, मोजत बसलो, आणि आठ दिवस काकूंच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आज पहाटे त्या बेल घेऊन आल्या. डोळे तांबडे, केसांत भाताचं कुसळ. मी पायरीवरच सांगून टाकलं. वाटलं, त्यांना आधार वाटेल. त्या उलट चिडल्या.

"आठ दिस तोंड शिवलं हुतं का रं तुजं?"

मी म्हणालो, "काकू, आज संध्याकाळी सांगतो सगळ्यांपुढं. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी नगं. माझं म्या बोलले. तुला तुझ्यासाठी बोलायचं आसंल तर बोल. न्हाईतर ताट धर नि गप उभा ऱ्हा. माझा राग न्हाई."

बेल माझ्या हातात दिला आणि मळणीला गेल्या. आज मी तो लपवून वाहिला नाही. दार सताड उघडं ठेवून वाहिला. कोंडिबानं बघितलं.

स्वरूप, मला भीती वाटतेय. पन्नाशी आली तरी गावाच्या विरुद्ध मी कधी शिंकलोही नाही. संध्याकाळी काय होईल ते खरंच माहीत नाही. धनाजी समजून घेईल असंही वाटतं, आणि तोच सगळ्यात जास्त दुखावेल असंही वाटतं. त्याला एवढंच सांगणार आहे, की तुझ्यावर माझा राग नाही, पण तुझ्याविरुद्ध न बोलण्याची शपथ मी घेतलेली नाही आणि घेणार नाही. यापुढं अशा शपथेसाठी ताटही धरणार नाही. इतकंच पाठ केलंय. जास्त बोलायला गेलो तर अडखळेन.

तू धावत येऊ नकोस. तू आलास तर म्हणतील, पुण्याच्या भावानं पढवलं. हे मला माझ्या तोंडानं म्हणू दे. मागाहून ये, भांडायला आलास तरी चालेल. तुझा देव नाही, माझा आहे, त्यावर एकदा पोटभर बोलू.

हे पत्र आत्ता सकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे देतो, भोरच्या पोस्टात टाकायला. बैठकीच्या आधीच. म्हणजे संध्याकाळी माझी जीभ टाळ्याला चिकटली, तरी मी काय बोलायला हवं होतं ते जगात एका माणसाला माहीत असेल. त्या माणसापुढं मला खोटं पडायचं नाही.

आज संध्याकाळपर्यंत तरी भैरोबाचा पुजारी, आणि त्यानंतरही

तुझा दादा,
गोरख