तुमचा क्षेत्रसंन्यास

बाबा, आज मी ऑटोत बसून काशीतला राजघाटचा पूल एकटीने ओलांडला आणि पलीकडच्या आमच्या बँकेच्या शाखेत वेळेवर पोचले. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणेल, त्यात काय एवढं, रोज हजारो माणसं जातात. तुम्ही तसं म्हणाला नसता. म्हणून तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाल्यावर तुम्हालाच लिहायला बसले आहे.

मी बारा वर्षांची होते. आत्याच्या मुलीचं लग्न होतं आणि आपण तिघं नागपूरला निघालो होतो. कँट स्टेशनच्या पुलावर, भर गर्दीत, तुम्ही हातातली बॅग टाकलीत आणि कठडा घट्ट धरलात. ओठ पांढरे पडले होते, बोटं आखडली होती. "मी चाललो," तुम्ही आईला म्हणालात, "हिला सांभाळ." दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, पाहिली आणि हसले. "कुछ नहीं है गुरुजी, गैस है." गाडी तोवर गेली होती. प्रवासासाठी केलेल्या दशम्या आपण स्वयंपाकघरात बसून खाल्ल्या, आणि तुम्ही इतके खुशीत होतात की आईसुद्धा हसायला लागली. मला वाटलं, जिवावरचं टळलं म्हणून आनंद. आता कळतं, पुन्हा त्या पुलावर जायचं नव्हतं, याचा तो आनंद होता. सगळं बिघडलं ते तिथूनच.

कारण त्यानंतर स्टेशन सुटलं. मग गोदौलियाचा चौक सुटला. तिथे तुम्हाला काही झालं नव्हतं, पण झालं तर, असं तुम्ही आईला म्हणालेलं मी ऐकलं होतं. शाळेत संस्कृत शिकवताना तुम्ही खुर्ची दाराशी ओढून घ्यायचात, प्रार्थनेला उशिराच जायचात. शेवटी निवृत्तीला सहा वर्षं असताना नोकरीच सोडलीत. लोक विचारू लागले तेव्हा म्हणालात, क्षेत्रसंन्यास घेतलाय. काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही, हे व्रत बालाजी घाटाच्या वस्तीत कुणाला नवं नव्हतं. शेजारीपाजारी पाया पडू लागले. "धन्य हैं गुरुजी!" विद्यार्थी घरी येऊ लागले. पण काशीची हद्द केवढी लांब, आणि तुमची तर आपल्या गलीच्या तोंडाशीच संपत होती. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तर आईच्या, आणि ती गप्प राहिली.

माझं लग्न नागपूरला ठरलं, तेव्हा तुम्ही तांदूळ निवडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, "कन्यादान काका-काकू करतील. माझं व्रत आहे." मी म्हटलं, "तुमचं पुण्य तुम्हालाच लखलाभ होवो." आई ओरडली, "अगं, बापाशी असं बोलतात?" तुम्ही मात्र पुढचा खडा वेचलात. मी निघाले तेव्हा तुम्ही माझ्यामागून गलीच्या तोंडापर्यंत आलात, एका हाताने भिंती चाचपत. माघातली थंडी होती आणि तुमचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मी ते पाहिलं, आणि रागात ऑटोत जाऊन बसले. पुढे कितीतरी वर्षं मी सांगत होते, माझ्या बापाला माझ्यापेक्षा मोक्ष प्यारा होता.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली इकडे झाली. आम्ही आईजवळच राहायला आलो, तिला आनंद झाला. एका सकाळी राजघाटच्या पुलावर गाड्या अडकल्या. मागे हटता येईना, पुढे जाता येईना. काही कारण नसताना छातीत धडधडू लागलं, हात बधिर झाले, श्वास पुरेना. वाटलं, मी मरते आहे, इथेच, या अनोळखी माणसांत. माझीही पट्टी साफ निघाली. मग मी रजा टाकू लागले. नंतर नवऱ्याने सोडल्याशिवाय जाईना. नंतर भाजीलाही नको वाटू लागलं. प्रत्येक वेळी घराच्या पायरीवर पाऊल पडलं की जीव भांड्यात पडायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच पायरी उतरणं आणखी अवघड व्हायचं. एकदा शेजारच्या काकूंनी सत्यनारायणाला बोलावलं. मी म्हटलं, "माझा एक नेम चालू आहे, बाहेर जेवत नाही." बोलले आणि आईकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "आता पुरे. उद्याच डॉक्टरकडे चल. एकदा मी गप्प बसले, आता नाही बसणार."

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. म्हणाल्या, "पहली बार तो घबराहट अपने आप आई. उसके बाद आप घबराहट से ही डरने लगीं. जहाँ डर लगा, वह जगह छोड़ दी. डर चढ़ता है तो उतरता भी है, मगर आप उतरने से पहले ही भाग आती हैं." मग आम्ही दोघी, म्हणजे आई आणि मी, पुलाच्या अलीकडे जाऊन उभ्या राहू लागलो. पळायचं नाही, एवढंच. पहिल्या दिवशी मी आईच्या दंडावर नखं उमटवली. पण खरंच उतरली बाबा, भीती. पाऊण तास लागला, पण उतरली. मग पुलाचा पहिला खांब, मग मध्य, मग आईशिवाय. मधे दोनदा परत फिरले. आज पलीकडे गेले. तिकडे उतरल्यावर एका ठेल्यावर चहा घेतला आणि मला तुमचा तो ओला सदरा आठवला. गलीच्या तोंडापर्यंतची ती चाळीस पावलं. माझ्यासाठी तुम्ही केवढ्या लांब आला होतात! इतकी वर्षं उरावर असलेला धोंडा तिथे उतरला. तुम्ही मला सोडलं नव्हतंत.

हे कुठे पाठवायचं नाहीच आहे, तर एक सांगून टाकते. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? मी नाही म्हटलं. गल्लीत अजून लोक तुमचं नाव हात जोडून घेतात, ते मोडवेना. परवा मात्र खरं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं नाही, फक्त विचारलं, "कितने साल?" मी म्हटलं, बावीस. "अकेले?" घरात आपण तिघं होतो बाबा. तरी मी हो म्हटलं.