मागचो पाटो

चिरंजीव ब्रॅंडन यास दाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझी काकी कृष्णाबाई बरी आहे, म्हणजे मलाही बरं असायची परवानगी आहे. तुझी माय, आमची रोझामाय, गुडघे सोडून बाकी ठणठणीत. जीभ तर विशेष. मुंबईत तुझी तब्येत कशी? मासे मिळतात ना? (बर्फातले मी मोजत नाही.)

आता मुद्द्याचं. तुझ्या पप्पांच्या निळ्या ट्रकाचा मागचा भाग आम्ही खाली बसवलाय. आधी पूर्ण वाच, मग ओरड. पप्पा गेल्यावर तू म्हणालास ट्रक भंगारात काढूया, माय म्हणाली आधी माका काढ, आणि तू जो बॅग उचलून गेलास तो चर्चच्या फेस्तालासुद्धा फिरकला नाहीस. तो विषय मी काढत नाही. (काढला. असो.) तर यंदा मायने जाहीर केलं, की फेस्ताला चर्चमध्ये जाईन तर ह्याच ट्रकातून, मागे हौद्यात खुर्ची टाकून. तो हौदा केवढा उंच ते तुला ठाऊक आहे. त्यावरून पडून तू पुढचा दात घालवला होतास. उचलून ठेवतो म्हटलं तर कडाडली, "माका काय नारळांचा पोता समाजलास?" रिक्षाचं नाव काढलं तर जेवलीच नाही.

शेवटी तुझी बहीण पुढे झाली. ब्रॅंडन, सँड्रीना म्हणजे काय चीज आहे रे! कुडाळच्या त्या गॅरेजात बापये तिला विचारून बोनेट उघडतात. तिने गाडी मागून बसकी करायचं सामान पुण्याहून मागवलं. मला समजलं ते असं: मागचा एक्सल पाट्यांच्या खाली असतो, तो सोडवून पाट्यांच्या वर बसवायचा, की अख्खा हौदा खाली येतो. (पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांची ती स्प्रिंग. हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.)

झालं असं, की सकाळी सँड्रीनाचा फोन आला, मी येतंय, तवसर मागचो पाटो काढून ठेवा. फोन घेतला कृष्णाबाईने. तिच्या लेखी जगात पाटा एकच, मागच्या पडवीतला, तिच्या सासूच्या हातचा, मसाल्याचं वाटप वाटायचा. मी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, चेडवाक तुमच्यापेक्षा जास्त समाजता, उचला. मी आणि आमचा जावई दीपेश (अजून कंबर धरून बसलाय) आम्ही तो धोंडा पडवीतून उपटला, धुतला, होय, धुतलासुद्धा, आणि तुमच्या खळ्यात ट्रकाशेजारी नेऊन ठेवला. सँड्रीना आली, तिने पाट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिथेच फतकल मारून हसत सुटली. माय खिडकीतून विचारते, "काय गो, ट्रकाक वाटाप लावतत काय?" आमच्याकडे त्या दिवशी वाटपाशिवाय सार झालं आणि दोष अर्थात माझा.

पण मग पोरीचं काम बघत राहावं! गंजून एकजीव झालेले नट तिने तापवले, ठोकले, त्यांच्या आईबापांचा उद्धार केला आणि सोडवले. मी पाने हातात देऊन मदत करत होतो. (तिने नंतर मला लांब बसायला सांगितलं.) सगळं आवळून झालं आणि बघतो तर गाडी थोडी खाली, पण अजून ढुंगण वर करूनच उभी! जुने ताठ पाटे, हौदा रिकामा, बसणार कशी? सँड्रीना म्हणाली, "काकी, तुमचो पाटो आणा." हौद्यात पाटा ठेवला, बाजूला मी आणि दीपेश, आणि तिने आम्हाला वाडीतल्या सगळ्या खड्ड्यांतून फिरवलं. गाडी बसली, खुडूक कोंबडी बसते तशी. तेव्हापासून कृष्णाबाई स्वतःला मेकॅनिक समजते.

मग मागची फळी पाडली, खाली जेवायचा पाट ठेवला. माय म्हणाली, "कोणी हात लावूचो नाय." एक पाय पाटावर, एक हौद्यात, आणि चढली रे! मला रडू आलं, लपवत नाही. मसुऱ्यापर्यंत तिला फिरवून आणलं. दर गतिरोधकावर सायलेन्सर खरडतो. माय म्हणते, वाजांदे, लोकांका कळांदे. अशी आई आणि अशी लेक शेजारी मिळाली, आणखी काय पाहिजे?

तुझा,
दाजीकाका

ता. क. फेस्ताला ट्रक चालवायला माणूस नाही. त्याचा तो हट्टी गिअर पप्पांनी शिकवलेला तूच एक. रजा टाकून ये.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. सँड्रीना चालवते, मसुऱ्याला तिनेच नेलं. पत्र मायला वाचून दाखवलं, ते तिने पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "दाजी, गुडघ्यांचा सोड. झील माझो ब्रॅंडन रागान गेलो, तेका 'ये' म्हणान सांगूक माझी मान वाकना नाय. म्हणान तेच्या बापाशीची गाडी वाकवलंय. समाजलो तर समाजलो." आणि ह्यातलं एक अक्षर तुला कळवायचं नाही, अशी मला शपथ घातली आहे. म्हणून तातडीने कळवतो.