काचेच्या डोळ्याचं पाणी

गुरुवार, ६ तारीख

लिहू लिहू म्हणत तीन दिवस ढकलले. सोमवारी आल्या आल्या डॉक्टरांनी ही वही हातात दिली, रोज डोळ्यांना काय वाटतं ते लिही म्हणाले, आणि मी मागच्या पानावर जहाज काढत बसलो. जहाजाला चाकंही काढली. शाळेत माझं असंच व्हायचं, म्हणून तर आठवीत शाळेने आणि मी एकमेकांना रामराम केला. असो, आज सुरुवात.

जागा झकास! भट्टीवर, गॅरेजात, ट्रकवर, सगळीकडे राबून झालं, पण नुसतं बसून राहायचं काम पहिल्यांदाच मिळालं. स्वतंत्र खोली, पांढरी चादर, तीन वेळा गरम जेवण. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर दोन तासांनी घंटा वाजते. मग मापाच्या खोलीत जाऊन यंत्रावर हनुवटी टेकवायची. मोजणीबाई (नाव मी ठेवलंय, तोंडावर नुसतं बाई म्हणतो) डोळ्यात पिवळा थेंब सोडतात, निळा दिवा लावतात आणि पापणी न मिटता बघत राहायला सांगतात. डोळ्यावर म्हणे पाण्याचा पातळ थर असतो आणि त्यावर तेलाचा तवंग. पापणी मिटली की थर सारखा होतो, उघडी ठेवली की थोड्या वेळात फाटतो. कितव्या सेकंदाला फाटला ते बाई लिहून घेतात. माझा सकाळी चौदाव्याला फाटतो, संध्याकाळी सहाव्याला. डोळाही दिवसभरात थकतो तर! मला वाटायचं फक्त पायच थकतात.

खिडक्या कायमच्या बंद, बाहेरच्या दाराला कुलूप. वारा, धूळ लागली की आकडे बिघडतात. सही करतानाच सांगितलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

शुक्रवार, ७ तारीख

शेजारच्या खोलीतले मास्तर आज सुटले. संध्याकाळचा आकडा सलग दोन दिवस पाचाच्या खाली आला की माणसाला घरी पाठवतात. तोवर कुणालाच सोडत नाहीत. मास्तर म्हणाले, जन्मभर पोरं नापास केली, आज स्वतः नापास होऊन पेढे वाटावेसे वाटतायत. जाताना माझ्या पाठीत धपाटा घालून गेले.

माझा आज साडेचार. उद्याही असाच आला तर पिशवी भरून ठेवा, असं बाईंनी सांगितलं. पिशवीला काय, दोन शर्ट. पण जाऊ कुठे? दोन महिने बसस्टँडच्या बाकावर काढलेत. त्या बाकाला मधोमध लोखंडी दांडा आहे, मुद्दाम, कुणी आडवं होऊ नये म्हणून. ज्याने तो बसवला त्याला एकदा तिथे झोपवला पाहिजे.

शनिवार, ८ तारीख

एक लबाडी केली. इथे लिहितो, कारण ही वही अजून तरी कुणी मागितलेली नाही.

मापाच्या खोलीत स्टँडवर एक काचेचा डोळा आहे. बाई रोज सकाळी आधी त्याच्यावर यंत्र लावून बघतात. त्याच्यावर तपकिरी बाटलीतले दोन थेंब टाकतात. ते पाणी फाटतच नाही, म्हणून दिवा नीट जुळवता येतो. मी बाटली उचलून बघितली तेव्हा बाई ओरडल्या होत्या, की ते माणसासाठी नाही, आणि तुमच्या हाताला कुठलीही वस्तू जागेवर राहू द्यायची सवय नाही का?

आज सहा वाजता बाई चहाला गेल्या आणि मी दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले. गार वाटलं, बस. सात वाजता आकडा आला बावीस! बाईंनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, इतके दिवस होतास कुठे तू? मला असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

सोमवार, १० तारीख

काल पुन्हा थेंब घातले. आज बाटलीला हातही लावला नाही. तरी सकाळी दीड मिनिट, आणि संध्याकाळी तीन मिनिटांनी बाईंनीच मोजणं थांबवलं. संध्याकाळी कमी व्हायला हवं ना? वाढतंय.

पापणी मिटायची आठवणच राहत नाही. दुपारी ताटाबरोबर आत आलेली माशी माझ्या डोळ्यावर बसली होती. बुबुळावर. मला कळलं नाही. बाईंनी हाकलली, आणि मग त्या माझ्याकडे बघेनात.

बुधवार, १२ तारीख

जातो म्हणालो. डॉक्टर हसले. आकडा पाचाखाली आण आणि खुशाल जा, म्हणाले. नियम तोच आहे, सहीही माझीच.

नळाखाली डोळे धरले. पाणी मेणकापडावरून ओघळावं तसं थेंब थेंब घरंगळून गेलं, आत काही शिरलं नाही. मग साबण चोळला. झोंबला असता तर नाचलो असतो.

गुरुवार, १३ तारीख

पापणी अर्ध्यावर येऊन थांबते. बोटाने ओढून खाली आणली, सोडली की वर. झोप अशी नाहीच, नुसतं छताकडे बघत पडायचं.

आज रडायचं ठरवलं. रडलं की थर फुटेल. जेवढं म्हणून दुःख आहे ते गोळा करून बसलो. गॅरेजातला कुत्रा माझ्यासमोर चाकाखाली आला होता, तो आठवला. हुंदके आले, नाक गळायला लागलं. डोळे कोरडे. चकचकीत.

खोली लांब गेल्यासारखी दिसते. मी आत, मध्ये काच.

शनिवार, १५ तारीख

कबूल केलं. बाटली, काचेचा डोळा, सगळं. पाया पडलो. बाईंनी तोंडावर हात धरला. डॉक्टर रागावले नाहीत — रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली उजेडात धरली, खिशात टाकली, आणि शांतपणे म्हणाले की एकाच माणसावरून काही सिद्ध होत नाही, आता याच्या रक्ताचं कुणीतरी हवं. घरी कोण असतं विचारलं. कुणी नाही म्हणालो.

आकड्यांची गरज नाही आता, पण दार तरीही उघडत नाहीत. माझ्या खोलीलाही कुलूप लावलं.

रविवार, १६ तारीख

सकाळी मला मापाच्या खोलीत नेलं. स्टँड रिकामा. काचेचा डोळा कपाटात ठेवून दिलाय. यंत्र आता माझ्यावर जुळवतात. बाई हनुवटी धरतात, दिवा पुढे — मागे — पुढे —

झालं की परत कुलूप.

सोमवार, १७ तारीख

बाबा आलेत.

माझे बाबा. जे तीन वर्षांपूर्वी म्हणाले होते की पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. आलेत. भिंतीपलीकडे त्यांचा आवाज आहे. कार्टं कुठाय, फार आजारी आहे का, असं विचारतायत. काल माणूस पत्र घेऊन आला म्हणे, ताबडतोब निघा म्हणून. सहीच्या कागदावर पत्ता मीच —

डॉक्टर म्हणतायत आधी तुमचे डोळे बघू, मग भेटा. बाबा डॉक्टरांपुढे कधी नाही म्हणत नाहीत. चप्पल बाहेर काढू का विचारतायत.

ओरडलो. घसा बसला. बाबा विचारतायत, कोण ओरडतंय — आवाज ओळखला नाही — तीन वर्षं —

खुर्ची सरकली.

बाबा, हे पान दाराखालून ढकलतोय. कुणीतरी उचलून तुम्हाला द्यावं. हनुवटी टेकवू नका. पिवळा थेंब चालेल, तपकिरी बाटली नको. हात धरा त्यांचा. डोळे गच्च मिटा, तुम्हाला मिटता येतात, बाबा, तुम्ही मि