एक गोष्ट नसलेलं बायबल

आई, तुझ्या नातीसाठी मुलांचं बायबल निवडताना माझ्या नाकी नऊ आले, आणि विचारायला तू कधीची नाहीस. मला असं हवं होतं ज्यात ती एक गोष्ट नसेल. मुलगी मेलेली, घरात रडारड, प्रभू आत जातो, तिचा हात धरतो आणि ती उठून बसते. या पावसाळ्यात माझा मुलगा डेंग्यूने गेला, आई. बालवाडीत जात होता. त्याची ताई दुसरीत आहे, दिसेल ते वाचते, बिस्किटाचा पुडासुद्धा सोडत नाही. ती गोष्ट वाचून ती काय विचारणार ते मला ठाऊक आहे, कारण तेच मी तुला विचारलं होतं.

दापोड्याच्या गोदामात मी ऑनलाइन गिऱ्हाइकांकडून परत आलेला माल तपासते. पुस्तक आलं की पानं उलटून बघायची, फाटलंय का, भिजलंय का. त्यात मुलांची बायबलंही येतात, मराठी, इंग्रजी, जाड पुठ्ठ्याची. कशात माणसाला गिळणारा मोठा मासा नाही, कशात वधस्तंभ दोन ओळींत उरकलाय, पण ही मुलगी मात्र सगळीकडे. गुबगुबीत गाल, पलंगावर बसून हसतेय, बाजूला आईबाप हसतायत. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, एका पुस्तकाला किती वेळ लावता? मेल्याला काय सांगणार होते मी?

आपली निजामपुऱ्यातली खोली आठवते. शेजारचे लूम शुक्रवारी बंद, रविवारी खडखडत चालू, म्हणून बायबलच्या गोष्टींची तुझी रविवारची शाळा कायम ओरडूनच चालायची. आपला धाकटा, माझा भाऊ, टायफॉइडने गेला, त्याच्या पुढच्याच रविवारी तू गल्लीतली पोरं गोळा केलीस आणि नेमकी हीच गोष्ट घेतलीस. मला तुझा इतका राग आला होता. तू सगळी सांगतेस, मुलगी उठते, प्रभू म्हणतो हिला काहीतरी खायला द्या, आणि तिथे तू थांबतेस. डॉक्टरने जेवण बंद केलं होतं गं, आणि धाकटा शेवटपर्यंत तुझ्याकडे सुकट-भात मागत होता. पोरं तुझ्या तोंडाकडे बघतायत. मग, "आईनं तिला जेवायला वाढलं," एवढं म्हणून तू स्टोव्हपाशी निघून गेलीस.

मी मागोमाग आले आणि विचारलं, मग आपल्या धाकट्याला का नाही उठवलं? तू पाठमोरीच राहिलीस. "मला ठाव न्हाय," म्हणालीस. "ठाव असतं तर तुला सांगितलं नसतं?" मग स्टोव्हला पंप मारत म्हणालीस, "पण गोष्ट मी गाळणार न्हाय. कुणाचं तरी पोर उठलं ना."

एवढं मोठं मन माझं नाही, आई. शेवटी मोठ्या अक्षरांचं एक मराठी बायबल विकत घेतलं आणि त्या गोष्टीची समोरासमोरची दोन पानं डिंकाने चिकटवून टाकली. लेकीला सांगितलं, छापतानाच चिकटलीयत, ओढू नको, फाटतील. तिने पानांवरून बोट फिरवलं, अलीकडचं वाचलं, पलीकडचं वाचलं.

"असू दे, मम्मी," म्हणाली. "मला येते ती गोष्ट."

पुढे काही विचारलं नाही तिने. माझ्याकडे बघून पुस्तक मिटलं आणि मलाच जवळ घेतलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुला सांगते. लेक शाळेत गेली की मी ते चिकटलेलं पान खिडकीपाशी उजेडाला धरते. उठून बसलेली ती मुलगी आतून अंधुक दिसते. मला तिचा अजून राग येतो.