कासवाची जागा

प्रिय डेलिया,

स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल मी पडवीत नेऊन ठेवलं आहे आणि त्याच्या जागी वासरांना पाणी पाजायची काळी डोण मांडली आहे. सहा फूट लांब, दोन फूट खोल. तिच्यात वीतभर माती, मातीवर ओकचा पाचोळा, एका टोकाला तापणारा दिवा, दुसऱ्या टोकाला सावली आणि मधे एक कासव. मी उभ्याने जेवतो. ते जेवतच नाही. आज त्रेसष्टावा दिवस. दर रविवारी मी त्याला तुझ्या आईच्या पिठाच्या काट्यावर ठेवतो आणि दर रविवारी काटा आधीच्यापेक्षा थोडा अलीकडे थांबतो.

ऑक्टोबरात मागच्या उतारावरचं गवत कापत होतो. पात्याखाली दगड आला असं वाटलं. यंत्र बंद करून पाहिलं तर कवचाला मागच्या बाजूने दोन बोटं रुंद भेग पडलेली आणि बिचारं पोटाच्या ढालीची बिजागरी मिटून आत गच्च बसलेलं. माझ्या शर्टात गुंडाळून तालुक्याच्या गावी नेलं. तिथे होस्टेटलर नावाची जनावरांची डॉक्टर आहे, तिशीसुद्धा ओलांडली नसेल. तिने तुकडे तारेने आवळले, वरून राळेसारखं काहीतरी लावलं आणि तीन आठवडे स्वतःकडे ठेवून घेतलं. परत देताना म्हणाली, "यंदा याला मातीखाली झोपू द्यायचं नाही. जखम भरायच्या आत थंडीत गेलं तर वसंतात उठणार नाही. एप्रिल संपेपर्यंत घरात, उबेत, आणि पोटात अन्न. जमेल ना?" मी म्हटलं, पोरी, मी बुटांच्या कारखान्यात सातशे माणसांचा संप चालवलाय. ती म्हणाली, "ती माणसं बोलत होती."

पहिल्यांदा मी माळ्यावरची माशांची जुनी काचेची पेटी खाली काढली. चारही बाजूंनी उजेड, बाहेरचं सगळं दिसतंय, मला वाटलं, याहून मोकळं काय असणार. दिवसभर ते काचेवर नखं घासत राहिलं. संध्याकाळपर्यंत नाकावरची कातडी सोलली. कासवाला भिंत दिसली तर ते वळतं. काच त्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या लेखी पुढे वाट असते आणि तरी पाऊल पडत नाही. खोटा मोकळेपणा कोंडून घालण्यापेक्षा वाईट, असं एखाद्या सभेत मी टेबलावर मूठ आपटून म्हटलं असतं. स्वयंपाकघरात ऐकायला कोणी नव्हतं.

मग मी खोका बांधला. आपल्या टेकडीवर सीडरचं लाकूड लागेल तेवढं, वासही छान, म्हणून फळ्या सीडरच्या आणि खाली भुसाही सीडरचा. आपल्या भागातला कुठलाही म्हातारा हेच करेल. डॉक्टर बघायला आली, दारातच नाक वर करून थांबली आणि म्हणाली, "प्रेविट साहेब, हे कासव आहे, लोकरीचे कोट नाहीत. या वासाने कसर मरते, तशी याची फुप्फुसंही जातील." तो खोका मी त्याच दुपारी शेगडीत घातला.

शेवटी ही डोण. गुरांच्या खाद्याच्या दुकानात व्हर्लने विचारलं, "एमेट, एकोणऐंशीव्या वर्षी वासरू पाळतोस?" मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "मग खोगीरही घेऊन जा, शर्यतीला उपयोगी पडेल." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, कारण गावात अजून मी तोच माणूस आहे, चार जुलैच्या जत्रेत कासवांच्या शर्यतीला भोंग्यावरून बोलणारा.

आता मात्र सगळं नियमानुसार आहे. माती खत नसलेली, नारळाचा भुसा मिसळलेली, मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी गळू नये इतकी ओली. दोन टोकांना दोन तापमापकं. उन्हासारखा प्रकाश देणारी नळी सकाळी सातला लावतो, संध्याकाळी सातला मालवतो. हनुवटीपर्यंत पाणी येईल असं पसरट भांडं, लपायला ओकच्या सालीची कमान, कोपऱ्यात ओलं शेवाळ. दोनदा पाणी फवारतो. गांडुळं आणायला गळ-आमिषाच्या दुकानात जातो. तिथली बाई म्हणते, "तळं गोठलंय हो काका, कुठे मासे धरताय?" गांडुळं घातली, अळंबी घातली, स्ट्रॉबेरी बाजारातून आणली, गोगलगाईसुद्धा शोधून आणल्या. ते एकदा बघतं आणि वळतं. वळतं आणि ईशान्येच्या बाजूला जाऊन डोणीच्या भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. मी डोण फिरवून पाहिली. पुन्हा ईशान्य. डॉक्टर म्हणाली, शेगडी त्या बाजूला आहे, ऊब शोधत असेल. मी दोन दिवस शेगडी बंद ठेवून घरात कोट घालून बसलो. तरी ते तिथेच. दोन दिवसांनी काही सिद्ध होत नाही, असं ती म्हणते, आणि तिचं बरोबर आहे. पण मी रोज त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसतो, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणालाही बोलून वळवलं, त्याच्यापाशी एका वीतभर प्राण्याला सांगायला एकही शब्द नाही.

ते कुठलं कासव आहे हे मला नोव्हेंबरात कळलं. तारा काढताना डॉक्टरने ते उलटं धरलं आणि म्हणाली, "पोटाच्या ढालीवर काहीतरी कोरलंय. प्रेविटमधला पी दिसतोय. तुम्हीच का?" लहानपणी मीही कोरायचो, इथली सगळी पोरं कोरायची, आजोबांच्या नावाचं कासव नातवाला सापडल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. मी चष्मा लावला. डी. पी. ८४. आईच्या नखं कापायच्या कात्रीने कोरलेलं, आठचा वरचा गोल अर्धवट. तू स्वतः तेव्हा आठ वर्षांची होतीस.

तो दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बाकीची कासवं रिंगणातून बाहेर पळाली आणि तुझं मधोमध बसून राहिलं. मी भोंग्यावर म्हणालो, "मंडळी, या गड्याने नियम वाचलेत आणि याचा संप आहे." लोक पोट धरून हसले. तू हसली नाहीस. मग दरवर्षीसारखं सगळ्या मुलांना जत्रेमागच्या टर्की ओढ्यावर नेलं आणि मी दरवर्षीचं भाषण केलं, कुठलाही जीव कुणाच्या मालकीचा नसतो, सोडून द्या, जाऊ द्या. सगळ्यांनी सोडली. तू फ्रॉकच्या घोळात लपवलंस. म्हणालीस, "त्याचं घर इथे नाहीये, बाबा. मी त्याला परत नेऊन ठेवते." मी विचारलंही नाही, कुठे. जत्रेच्या समितीच्या अध्यक्षाची मुलगी आणि तिला वेगळा नियम, हे मला चालणार नव्हतं. तुझ्या हातातून मी ते काढून घेतलं, उंच धरलं आणि म्हणालो, सगळं रान त्याचंच आहे. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, डेलिया. तू घरी जाताना आईचा हात धरलास, माझा नाही.

आता ही पोरगी डॉक्टर मला सांगते की या कासवाचं सगळं रान म्हणजे फार तर दोन-तीन फुटबॉलची मैदानं. जिथे जन्मतं तिथला एकेक ओंडका, बोरांचं एकेक झुडूप त्याला पाठ असतं. त्याच्या बाहेर नेऊन ठेवलं की ते नवीन घर करत नाही. बरीचशी उरलेलं आयुष्य शोधत चालतात आणि रस्त्यावर चिरडली जातात. मी सव्वीस वर्षं ती शर्यत चालवली. वर्षाला पन्नास-साठ कासवं धर. त्यांतल्या प्रत्येकाला मी टाळ्यांच्या गजरात हद्दपार केलं आणि त्याला स्वातंत्र्य म्हटलं.

डिसेंबरात मी समितीपुढे उभा राहिलो. शर्यत बंद करा, नाही तर निदान प्रत्येक मुलाकडून लिहून घ्या की कासव कुठे उचललं, आणि तिथेच परत ठेवा. माझ्या जागी आता खाद्यवाला व्हर्लच अध्यक्ष आहे. तो म्हणाला, "एमेट, आता कासवांची युनियन काढतोयस की काय?" मी बोललो, चांगलं बोललो असेन, कारण दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मग हात वर झाले. माझा एक, उरलेले सगळे विरुद्ध. नंतर गाडीपर्यंत सोडायला आलेली एक बाई म्हणाली, "काय सुंदर बोललात हो, दरवर्षी बोलत जा."

डॉक्टर म्हणते, काही कासवं घरात खातच नाहीत, आपल्या जागी नेऊन ठेवलं की तासाभरात गांडूळ उकरतात. हे एप्रिलपर्यंत टिकेलही, नळीने थोडं पोटात घालता येतं. पण मग ठेवायचं कुठे? माझ्या उतारावर सोडलं तर पुन्हा चालायला लागेल, आणि ईशान्येला चौपदरी महामार्ग आहे. त्या रस्त्याच्या बाजूने एक्क्याण्णव साली सर्वांत जोरात कोण बोललं होतं, ते तुला सांगायला नको. नकाशावर मी आपल्या घरापासून ईशान्येला पट्टीने रेघ मारली आणि गाडी घेऊन तिच्या कडेकडेने हिंडलो. कुरणं, चर्चची स्मशानभूमी, गोठलेली तळी, एक जुनं विटांचं धुराडं. प्रत्येक ठिकाणी उतरलो. इथे असेल का, तिथे असेल का. कासवाची जागा माणसाला बघून कळत नाही.

आणि तिथे एका कुंपणाशी उभा असताना मला बसथांबा आठवला. आई गेल्यावर पाच महिन्यांनी तुला मी कॅन्सस सिटीला मॅक्सीन मावशीकडे पाठवलं. तू चौदाची. कारखाना बंद पडत होता, मी आठवड्यातले सहा दिवस सभांना. मी तुझी पेटी आत चढवली आणि म्हणालो, रडू नकोस, सगळं शहर तुझंच आहे. आज ते वाक्य मला माझ्याच तोंडातून दोनदा ऐकू येतं. सतराव्या वर्षी तू न कळवता परत आलीस, तेव्हा तुझ्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे होते. मी ते बाजूला सारून खाट घातली, रात्रभर शिक्षणाचं महत्त्व सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसमध्ये बसवलं. तू इतकंच म्हणालीस, "ठीक आहे, बाबा." त्यानंतर तू किती घरं बदललीस ते मला मॅक्सीनकडून कळायचं. अकरापर्यंत मी मोजली. मग तिने सांगणं बंद केलं.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. मॅक्सीनकडे आहे आणि ती देणार नाही, हेही योग्यच. ती फोनवर म्हणाली, "पत्र पाठवीन, एमेट. भाषण पाठवणार नाही. आधी मी वाचणार." यापूर्वीची दोन तिने वाचून मला परत केली. पहिल्याच्या वर लिहिलं होतं, "यात कासव दुसऱ्या पानावर येतं." दुसऱ्यावर काहीच लिहिलं नव्हतं. त्यात मी क्षमा मागितली होती, चार पानं. या वेळी ती सोडेल असं वाटतं, कारण यात मी तुझ्याकडे फक्त एक गोष्ट मागतो आहे आणि ती माझ्यासाठी नाही. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये ते तू कुठून उचललंस? तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही, जगात ते तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. कुंपण, ओढ्याचं वळण, कुठलं घर दिसत होतं, सायकलवर गेलीस की पायी, जे आठवेल ते. कागदावर दोन रेघा ओढल्यास तरी मी ओळखेन. आठवत नसेल तर तसं लिही, म्हणजे मी शोधणं थांबवीन. मॅक्सीनच्या पत्त्यावर पाठव, पाकिटावर तुझं नाव नको. त्याची जागा तेवढी कळव. तुझी मी विचारत नाही.

तुझाच,
बाबा