नातेवाईकांचा रकाना

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बढतीची बातमी सांगते, मग गळा काढते. किनाऱ्याचे नकाशे काढता काढता चौदा वर्षं गेली. आता साहेबांनी मला संरक्षण खात्याच्या नकाशांसाठी कुलूपबंद खोलीत बसायला निवडलंय. पण त्याआधी सुरक्षा मंजुरी हवी, आणि त्या अर्जात एक रकाना आहे : परदेशात राहणारे नातेवाईक. ताई, तिथे तू आहेस. भाओजी तर तिथलेच नागरिक, वर तिथल्या सरकारच्या बंदर खात्यात नोकरीला! शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले, रकाना कोराच ठेव, कोण बघतंय. तेव्हापासून नुसती पेन उघडते आणि बंद करते. वीस तारखेपर्यंत अर्ज द्यायचाय. काय करू?

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

एवढा घोर कशाला लावून घेतेस? माझं नाव लिहू नकोस, झालं. मंजुरी येईपर्यंत मी पत्रं थांबवते, फोनही नको. ह्यांना काही बोलले नाही, उगाच वाईट वाटेल. लहानपणी भिंतीवर रेघोट्या तू मारायचीस आणि धपाटे मी खायचे. त्यात हे काय मोठंसं? उत्तर पाठवू नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
ताई

२ जून

ती. ताईस,
सा. न.

मंजुरी मिळाली! आणि तुझं नाव लिहून मिळाली. तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले, की त्याच दिवशी तुझं, भाओजींचं आणि दोन्ही भाच्यांचं नाव लिहून टाकलं, भाओजींच्या हुद्द्यासकट. निकाल लागेपर्यंत तुला कळवायची मात्र हिंमत झाली नाही.

चौकशीला एक अधिकारी बाई होत्या. तीन तास घाम काढला. भाओजी माझ्या कामाबद्दल विचारतात का? उद्या त्यांच्यावर कुणी दबाव आणला तर मी काय करीन? मी म्हटलं, आधी तुमच्याकडे येईन. मग तुझ्या पत्रांचा डबाच त्यांच्यापुढे ठेवला. आठवड्याने परत बोलावलं. गंभीर चेहऱ्याने त्यांनी विचारलं, ताईंच्या गुडघ्यांचं आता कसं आहे? मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी सगळी पत्रं वाचली होती! म्हणाल्या, परदेशात बहीण असणं हा काही दोष नाही. पण ती लपवली असती, तर तेवढ्यावरून कुणीही तुम्हाला वेठीला धरलं असतं. अट एवढीच, की भेटीगाठी आधी कळवायच्या.

तीन महिन्यांनी काल पोटभर जेवले आणि गाढ झोपले. आता लिही, नाहीतर मीच रुसेन.

तुझी,
ठकू

१४ जून

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं आणि हातातल्या पिशव्यांसकट जिन्यावर बसून रडले. मग ह्यांना सगळं सांगितलं, माझ्या त्या शहाणपणाच्या पत्रासकट. हे म्हणाले, आपलं लग्न ठरलं तेव्हा माझ्याही कचेरीत असाच रकाना होता. ह्यांनी आईबाबांपासून तुझ्यापर्यंत सगळ्यांची नावं लिहून दिली होती. त्यापायी बढती दोन वर्षं अडली, पण माझ्याजवळ कधी अवाक्षर काढलं नाही. का, असं विचारलं, तर म्हणाले, सांगितलं असतं तर तू माहेरी पत्रं लिहिणं सोडलं असतंस.

ओळखून होते मला!

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं येतोय. तुझ्या त्या बाईंना आत्ताच कळव. लोभ आहेच, तो असाच उघड असू दे.

तुझी,
ताई