म्होरक्याने ठेवून घेतलेलं पत्र

३ मार्च

ती. ताईस धाकट्याचे सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आमचं मालवाहू यान मंगळवारी अंतराळातल्या लुटारूंनी पकडलं. मंडळी रीतीची आहेत, दार वाजवून आत आली. प्रत्येकाला सहा हात असल्याने झडती लवकर उरकली.

त्यांचा एक नियम आहे. ज्याची घरी कोणी वाट पाहतं त्याला सोडतात. ज्याची कोणी पाहत नाही, त्याला माल समजून ठेवून घेतात. म्होरक्याने मला विचारलं, तेव्हा निघताना आपलं वाजलं होतं तेच डोक्यात होतं. कोणी नाही, असं म्हणून बसलो. बाकीचे त्यांनी दिलेल्या छोट्या यानातून घरी गेले. मी इथे पंप दुरुस्त करतो.

घरून तसं पत्र आलं तर म्होरक्या फेरविचार करणार आहे. लुटलेल्या टपालावरून तो आपली भाषा शिकला, त्यामुळे पत्रं आधी तोच वाचतो. वीस एप्रिलला हे लोक फार लांब निघतील. तिथे टपाल पोचत नाही.

राग सरला असल्यास लोभ असावा.

धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

जाताना मला विचारलं होतंस? मग मी कशाला वाट पाहू? इथे शिवणाच्या कामातून मान वर करायला फुरसत नाही. तुझी खोली रिकामीच आहे, धड भाडेकरू मिळत नाही. तिघे आले; एकाला खोकला होता, दोघांचे जोडे मला आवडले नाहीत. तुझ्या सदऱ्यांच्या कॉलर उलटवून ठेवल्यात. यानतळाचं वेळापत्रक भिंतीवर लावलंय, ते पोपडे झाकायला.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे तुझ्या म्होरक्याला कोणी शिकवलं नाही का? जेवत जा.

ताई

२९ मार्च

ती. ताईस सा. न.

म्होरक्याने पत्र दोनदा वाचलं आणि निकाल दिला की बाई वाट पाहत नाहीत, तसं त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. आमच्या घरी असंच बोलतात, हे मी परोपरीने सांगितलं. त्यांच्यात टोमणा नावाचा प्रकारच नाही.

ताई, एकदा सरळ लिही. मी सुरुवात करतो. मला घरी यायचं आहे. पंपाच्या खोलीत आवाज फार असतो, म्हणून रडायला तिथे जातो.

धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,

मी तुझी वाट पाहते आहे. रोज. मशीन झाकून ठेवलं की दारात जाऊन उभी राहते. शेजारीण विचारते, तर वारा खाते म्हणून सांगते. भांडणात मी बोलले ते खोटं होतं. एवढं लिहायला चार कागद फाडले. ये.

तुझी ताई

१९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

सुटलो. शनिवारी पोचतो.

तुझं पत्र म्होरक्याने उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि मला माझं सामान आवरायला सांगितलं. यान परत दिलं, माल दिला, माझे दुरुस्तीचे पानेसुद्धा मोजून दिले. पत्र मात्र दिलं नाही. मी मागितलं, तर म्हणाला की त्याला असं कधी कोणी लिहिलेलं नाही. मग मी आग्रह धरला नाही.

त्यामुळे तू काय लिहिलंस ते मला ठाऊक नाही. दारात आलो की तेवढं तोंडाने सांग. बाकी भेटीत.

धाकटा